माई उभी राहते ती जागा

६ जानेवारी

पाटण्याहून नंदितादींचा फोन आला आणि मी गप्प बसायचं तिथे बोलून बसले. मार्चमध्ये त्यांच्या कलादालनात माझं प्रदर्शन. एकटीचं! आजवर दहाजणांच्या गर्दीत एका कोपऱ्यात माझी दोन पानं टांगलेली असायची आणि लोक ती सजावट समजून पुढे जायचे. नंदितादी म्हणाल्या, "तुझ्या महुआच्या पानांवरच्या बायका आहेतच. पण मधल्या मोठ्या भिंतीवर नवं काहीतरी हवं. जे तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही असं." मी ठसक्यात म्हणाले, "मधल्या भिंतीवर आमचा बरेजा लावू. आतून."

फोन ठेवला आणि मग आठवलं, बरेज्याच्या आत मला पाऊल टाकता येत नाही.

आम्ही चौरसिया, पानवाले. आमचा पानमळा म्हणजे बरेजा. चहूबाजूंनी बांबूचे कुड, वर गवताचं छप्पर, आत हिरवा अंधार. आंघोळ केल्याशिवाय कुणी आत जात नाही, चप्पल बाहेर, आणि मुलगी शहाणी झाली की तिला ताटीबाहेर उभं राहायचं. लहानपणी मी दिवसभर बाबूजींच्या मागे मागे आत असायची. मग एक दिवस माईनं ताटीपाशी माझा दंड धरला आणि म्हणाली, "आता बास." मी तिथेच बसकण मारून रडले. बाबूजी आतून बाहेर आले नाहीत.

त्या हिरव्या अंधाराच्या मागे लागूनच मी फोटोच्या वाटेला गेले, आणि तेही कॅमेरा न घेता. काचेखाली महुआचं, म्हणजे मोहाच्या झाडाचं पान, पानावर फिल्मवरचा चेहरा, वरून दिवसभर ऊन. ऊन लागेल तिथला हिरवा रंग उडतो, बाकीचा राहतो, आणि पानात माणूस उमटतो. गावातली म्हातारी माणसं म्हणतात, जादूटोणा आहे. म्हणू देत. माझ्यासारखं काम या मुलखात दुसरं कुणी करत नाही, हे मी इथे लिहून ठेवते. डायरीत तरी कशाला लाजू?

११ जानेवारी

विड्याच्या पानावर चेहरा उमटवायचा म्हणून चाचांकडून टोपलीभर पानं घेतली. शिवबचन चाचा म्हणजे बाबूजींचे धाकटे भाऊ. बरेजा दोघेच सांभाळतात, माझे तिघे भाऊ सुरतेला. चाचांनी पानं दिली, पण तोंड सोडलंच. "मगही पान लोक तोंडात घालतात, तू उन्हात घालतेस. घाल, घाल."

सगळी पानं फुकट गेली. ठिपकेच ठिपके. दुपारभर डोकं धरून बसले तेव्हा कळलं की काच ठेवायच्या आधी मी प्रत्येक पानावर ओंजळीनं पाणी शिंपडत होते! पान हातात आलं की आमच्या घरात प्रत्येकाचा हात आधी पाण्यात जातो. मलाही कळलं नाही. महुआच्या पानाला मी कधी पाणी मारलं नव्हतं. मी मोठी कलाकार, पण हात चौरसियाचाच.

१४ जानेवारी

संक्रांत. दही-चुडा म्हणजे दह्यातले पोहे, तिळाचं तिलकुट, पोट फुटेस्तोवर. पाणी न शिंपडताही पानं उन्हात काळी पडतात. जेवताना बाबूजींनी विचारलं, "काय बिघडतंय?"

"ऊन लागलं की काळं पडतं."

"पडणारच. त्याला जन्मात ऊन माहीत नाही."

एवढंच बोलले आणि तिलकुट खात बसले. मला वाटलं होतं, आज सण आहे, स्वतःहून, लाडानं म्हणतील, चल बबुनी, आत येऊन बघ. नाही म्हणाले. मीही मागणार नाही. तीन भावांवर झालेली पोर नशीबवान असते म्हणून मला तेतरी म्हणतात. नशीब तर आहेच, पण हट्ट बाबूजींचा आहे. त्यांना वाकायचं नाही आणि मलाही.

१९ जानेवारी

धुकं. ऊन नाही. काम नाही. माईशी उगाच भांडले.

२७ जानेवारी

आज मात्र डोकं फिरलं.

माई रोज दुपारी बाबूजींचा डबा घेऊन बरेज्यावर जाते. आज मी बरोबर गेले. बरेज्यासमोर ताडाचं झाड आहे, त्याच्या अलीकडे मोकळ्या उन्हात तिची जागा ठरलेली. तिथली माती तिच्या पायांनी गुळगुळीत झालीय. तिनं हाक मारली, "ऐकलं का, भात आणलाय!" आतून "हं" आलं. आणि मग काहीच नाही. माई डोक्यावर डबा घेऊन उभी. पदर सारखा केला, पुन्हा उभी. चाचा केव्हाच बाहेर येऊन हात धुऊन बसले, पण बाबूजी यायचं नाव नाही.

मी चाचांना म्हणाले, "हे रोजचं असतं?"

"रोजचं. माझा भाऊ लाटसाहेब आहे, तुला माहीत नाही? बायको उन्हात उभी राहिल्याशिवाय त्याला भूक लागत नाही."

शेवटी बाबूजी आले, डोळे चोळत. आतून बाहेर आलं की डोळे दिपतात. मी गप्प बसणार होते, पण बसवेना. म्हणाले, "बाबूजी, तिला हाक मारल्याबरोबर यायला काय होतं? ती काय दगडाची आहे?"

बाबूजी भात कालवत म्हणाले, "हातातलं काम टाकून कसा येऊ?"

"भात गार होतो."

"होऊ दे."

बघा! होऊ दे म्हणे. परत येताना मी रस्ताभर बडबडत होते आणि माई माझ्यावरच चिडली. "तुला काय करायचंय? मला उभं राहायची सवय आहे. आणि ताडाखाली सावलीत उभं राहिलं की ते म्हणतात, इकडे उन्हात ये. थंडीचं ऊन चांगलं असतं."

म्हणजे जागासुद्धा त्यांनीच ठरवलेली. उन्हाळ्यात काय म्हणत असतील देव जाणे. या घरातल्या बायका, मी सोडून, सगळ्या अशाच. माझ्या प्रदर्शनातल्या बायका याच आहेत, आणि त्या मधल्या भिंतीवर माईच असायला पाहिजे असं आज पहिल्यांदा वाटलं. आयुष्य या बरेज्याला वाहिलं आणि आत एकदाही गेली नाही.

८ फेब्रुवारी

धुकं गेलं. नव्या लागवडीच्या आधी कुड बदलताहेत. जुनं गवत, जुन्या ताट्या काढून नव्या बांधायच्या. दर वर्षीचंच काम. मी बाहेर बसून सुतळ्या देत होते, तेवढं बायकांना चालतं.

बाबूजींचं काम म्हणजे डोळ्यांचं पारणं फिटावं असं. कुडातून मुंगी शिरणार नाही. हिवाळ्यातलं वारं एका फटीतून आलं तरी अख्खी ओळ जळते, म्हणून चाचा बांधून गेले की बाबूजी मागून बोटं फिरवत जातात आणि जिथे उजेड दिसेल तिथे गवत कोंबतात. बघताना मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू! हाच नीटनेटकेपणा माझ्या हातात आलाय.

पण ताटीजवळच्या कोपऱ्यात, ताडाच्या बाजूला, एक भोक राहिलं. चांगलं रुपयाएवढं. मी ओरडले, "चाचा, इथे एक राहिलं!"

चाचा हसायला लागले. "ते तुझ्या बाबूजींचं वारं खायचं भोक. तिथे मला हात लावू देत नाहीत. दर वर्षी नवा कुड आणि दर वर्षी ते भोक."

त्या कोपऱ्यात खुडलेली पानं निवडायला बसतात. ओली पोती टांगून अंधार केलेला असतो. ताटीतून डोकावले तर भोकासमोर बाबूजींचं जुनं पांढरं धोतर ताणून बांधलेलं दिसलं. मी विचारलं, "हे इथे वाळत घातलंय?"

"धूळ येते," बाबूजी म्हणाले.

भोक बुजवलं तर धूळ येणारच नाही, पण हे त्यांना कोण सांगणार? वय झालं त्यांचं. मला उगीच वाईट वाटलं.

१२ फेब्रुवारी

सुचलं! सुचलं! एवढं शिकले, बडोद्याच्या कलाशाळेत जाऊन आले, पोरांना खोक्याला भोक पाडून कॅमेरा करायला शिकवलं, आणि घरासमोरचं खोकं मला दिसलं नाही!

पानाला ऊन माहीत नाही, तर चित्रही उन्हात करायचं नाही. अंधारात करायचं. बरेजा हाच माझा कॅमेरा. कुडाला बारीक भोक, आतल्या काळोखात भोकासमोर कागद, आणि बाहेर उन्हात माई. माई जागची हलणार नाही, नियम मोडणार नाही, वेल बाटणार नाही. आणि तरी ती आत जाईल. तिच्यावर पडलेलं ऊन आत जाईल आणि कागदावर बसेल. मी बाहेर, माई बाहेर, आणि आमचा फोटो आतला.

असं कुणी केलंय का? कुणी नाही. पाटण्यात काय, कुठेच नाही.

फक्त आत कागद लावायला माणूस पाहिजे, आणि तो माणूस म्हणजे बाबूजी. म्हणजे मला त्यांच्याकडे मागायला लागणार. तासभर अंगणात फेऱ्या मारल्या, मग गेले. त्यांना कळेल अशा भाषेत समजावलं. म्हणाले, "बाबूजी, भोकातून उजेड आत येतो ना, तो नुसता उजेड नसतो. बाहेरचं सगळं चित्र त्यात असतं. झाड, रस्ता, माणूस. आत पांढरं काही धरलं की त्यावर दिसतं. पण उलटं दिसतं. डोकं खाली, पाय वर. घाबरायचं नाही."

बाबूजी मिशीतल्या मिशीत हसत होते. डोक्यावरून गेलं असणार. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी पुन्हा सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भोक पाडायची गरज नाही. एक आहे."

केवढं नशीब! ते बुजवायचं राहिलेलं भोकच नेमकं ताडाच्या समोर आहे. उगाच नाही मला तेतरी म्हणत.

१८ फेब्रुवारी

आज पहिला प्रयत्न. चाचांनी घरातल्या सगळ्या गोधड्या नेऊन कोपरा काळाकुट्ट केला. "आता इथे भूत आलं तरी चाचपडेल," म्हणाले. मी फळीवर फोटोचे चार मोठे कागद चिकटवून, काळ्या कपड्यात गुंडाळून ताटीतून बाबूजींच्या हातात दिले. काचेच्या बरण्या दिल्यासारखे दिले. फळी भोकापासून किती लांब ठेवायची हे मी आकडेमोड करून कागदावर लिहून आणलं होतं, पण ते बघायच्या आधीच बाबूजी म्हणाले, "धोतर आहे तिथे लावतो. तिथे चांगलं दिसतं."

"काय दिसतं?"

"उजेड."

त्यांना आतून मोजायला लावलं तर अंतर माझ्या आकड्याच्या जवळपास आलं. म्हटलं असू दे, म्हाताऱ्याचा मान राखू.

माईला जागा दाखवायला गेले तर ती आपणच जाऊन त्या गुळगुळीत मातीवर उभी राहिली. डोक्यावर डबा. मी म्हणाले, "आज डबा कशाला? नुसती उभी राहा."

"डब्याशिवाय मी इथे कधी उभी राहिलेय?"

मी ओरडले, "काढा!" बाबूजींनी आत काळा कपडा काढला असणार. माई अशी उभी की पापणी हलली तर शपथ. शहरातली माणसं फोटोला एवढा वेळ उभी करा, डुलायला लागतात. मी "झाका!" म्हणाले तरी आतून हालचाल नाही. पुन्हा ओरडले तेव्हा "हं" आलं.

घरच्या काळ्या खोलीत कागद धुतले आणि कपाळावर हात मारला. चारही कागदांवर थेंब! माईच्या अंगावर देवी आल्यासारखे डाग. बाहेर येऊन मी किंचाळलेच, "बाबूजी, कागदावर पाणी कुणी टाकलं?"

बाबूजींनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. "कोरडा वाटला," म्हणाले.

चाचा हसून हसून खाटेवरून खाली पडायचे राहिले. मला रागावताही येईना. ओंजळीनं पाणी मारणारा तो हात माझाच होता, फक्त म्हातारा.

२० फेब्रुवारी

आलं!

कागदावर आधी सगळं उलट्या रंगाचं येतं, सावली पांढरी आणि ऊन काळं. त्यावरून दुसरा कागद केला आणि मग दिसली. ताडाचं खोड, पायवाट, आणि मधे माई. डोक्यावर डबा, एक हात डब्याला, एक पदराला. कडेनं कुडाच्या गवताच्या काड्यांच्या मऊ सावल्या, त्यामुळे ती खरोखर बरेज्यात, वेलींच्या मधोमध उभी आहे असं वाटतं. चेहरा पुरता स्पष्ट नाही, पण ती माईच आहे, लांबून ओळखू येते. मी आजवर केलेल्या सगळ्या कामाच्या वर हे एक काम. हे लिहायची मला लाज वाटत नाही.

बाबूजींना दाखवायला नेलं. त्यांनी कागद हातात घेतला, थोडा वेळ बघितला, आणि उलटा फिरवून पुन्हा बघायला लागले. बराच वेळ.

मी म्हणाले, "बाबूजी, उलटा धरलात."

त्यांनी तो सरळ केला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "छान आहे."

छान आहे! एवढ्या मोठ्या कामाला दोन शब्द. फोटो कसा धरायचा हे ज्याला कळत नाही त्या माणसाकडून मी काय अपेक्षा करत होते? माईनं तर बघायलाच नकार दिला. "पाटण्याला बघेन, लोकांत. आत्ता बघितला तर तू म्हणशील, माई, काय वाटलं, आणि मला सांगता येणार नाही."

५ मार्च

पाटणा. चौघं बसनं आलो. माईनं सत्तूच्या पुऱ्या बांधल्या होत्या, चाचांनी पानांची एक टोपली. "तुमच्या नंदितादींना खरं पान म्हणजे काय ते कळू दे."

दालन भरलं होतं. माझी महुआची पानं काचेत, त्यांच्यामागे दिवे, आणि एकेका पानात गावातली एकेक बाई. लोक वाकून वाकून बघत होते. एक म्हातारे चित्रकार मला म्हणाले, "पोरी, हे तू कुठे शिकलीस?" मी मान वर करून म्हणाले, "घरी." माई माझ्या मागे लपत होती आणि तिच्याच शेजारणींना काचेत बघून खुसखुसत होती. "अगं, फुलवंतीचं नाक बघ, पानातसुद्धा तेवढंच!"

तेवढ्यात मधल्या भिंतीकडे गडबड झाली. बघते तर बाबूजी आणि चाचा स्टुलावर चढलेले, आणि माझी चौकट भिंतीवरून काढून दोघांनी हातात धरलेली! मी धावत पोचेपर्यंत त्यांनी ती पुन्हा टांगलीसुद्धा. उलटी. माईचं डोकं खाली, पाय वर, डबा जमिनीकडे.

माझ्या अंगाची लाही झाली. एवढी माणसं, एवढे कॅमेरे, आणि माझ्या सगळ्यात मोठ्या कामाची ही दशा! "बाबूजी, हे काय केलंत?"

नंदितादी गोड आवाजात म्हणाल्या, "बाबा, फोटो उलटा लागलाय हो."

"उलटा नाही," बाबूजी म्हणाले. त्यांनी स्टुलावरून उतरून कुर्ता झटकला. नव्या कुर्त्यात ते ताठ उभे होते, बरेज्याच्या दारात उभे राहतात तसे. "पाटीवर लिहिलंय, 'बरेजा, आतून'. आत ती अशीच येते. लग्न होऊन आली, पहिल्यांदा डबा घेऊन आली, तेव्हापासून अशीच येते. दुसरी कशी येणार?"

 मला समजायला वेळ लागला. मग ते भोक समोर आलं, दर वर्षीच्या नव्या कुडातलं. ते ताणलेलं धोतर. "इकडे उन्हात ये." हाक मारल्यावर आतून येणारं ते "हं". मी ज्यांना दोनदा समजावून सांगितलं होतं, घाबरायचं नाही म्हणून, ते मिशीत का हसत होते ते आज कळलं. 

माई गर्दीतून पुढे आली. परक्या माणसांपुढे तिनं बाबूजींशी कधी तोंड उघडलेलं नाही. ती फोटोसमोर उभी राहिली, मान वाकडी करून स्वतःला खालून वर बघितलं, आणि मग सगळ्यांच्या देखत कमरेवर हात ठेवले.

"म्हणून रोज उभी करायचात होय मला? आणि मी म्हणते, हा माणूस आत करतो काय! भात गार होऊन दगड व्हायचा!"

"गारच खाल्ला की मी," बाबूजी म्हणाले. "कधी तक्रार केली?"

दालनात केवढा हशा उठला. माई पदर तोंडाला लावून वळली, आणि ती हसत होती की रडत होती ते मला बघू दिलं नाही. चाचा मात्र उघड रडत होते आणि ज्याच्या त्याच्या हातात विडा देत होते.

चौकट तशीच राहिली. नंदितादींनी विचारलं, "सरळ करायची का?" मी म्हणाले, "ती सरळच आहे." पाटीवर माझ्या नावाखाली पेनानं बाबूजींचं नाव लिहिलं, रामसकल चौरसिया. बाबूजी वाचून म्हणाले, "अक्षर वाकडं आलंय," आणि दिवसभर त्या पाटीपासून हलले नाहीत. येईल त्याला सांगत होते, "ही माझी तेतरी. असं काम दुसरीकडे बघायला मिळणार नाही तुम्हाला."

७ मार्च

घरी परतलो. आज दुपारी भात झाला तरी माई निघेना. आत डोकावले तर ट्रंक उघडून बसली होती. मग पिवळी साडी नेसून बाहेर आली, जी सणालाही ट्रंकेबाहेर निघत नाही ती. केस नव्यानं विंचरलेले.

मी म्हणाले, "माई, बरेज्यावर ही साडी?"

"जुनी झालीय. नेसून संपवायला नको?" आणि डबा डोक्यावर घेऊन चालू लागली.

मी लांबूनच बघितलं. ती आपल्या जागी जाऊन उभी राहिली, आज हाक न मारता. एक हात डब्याला, एक पदराला. कुडातून कुणी हूं की चूं केलं नाही. चाचा हात धुऊन केव्हाचे बसले होते. भात आज नेहमीपेक्षा जास्तच गार झाला असणार.